पाडव्याच्या आदल्या दिवशीचा चढ

ज्या माणसाने नसरापूरपासून वेल्ह्याच्या अंगाचा नऊ मैलांचा रस्ता बांबूने मोजला, त्याने स्वतःच्या वहाणा मात्र मापाशिवाय घेतल्या होत्या. भोरच्या बाजारात, उभ्या उभ्या, ‘घाला हो, आपोआप सैल होतील’ एवढ्या शब्दावर. त्या सैल झाल्या नाहीत. माझा पायच शेवटी त्यांच्या मापाचा झाला. अजूनही डाव्या पायाची करंगळी ठणकायला लागली की मला तो चढ आठवतो, आणि तो चढ आठवला की मी बसल्या जागी नुसताच दमतो.

लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. भोरातल्या एका कंत्राटदाराकडे मी ओव्हरशियर होतो. खेड्यापाड्यांत त्याचा ‘वरशेर’ होई. काम असं की कुठे लोखंडी तुळई न्यायची, कुठे दगडी रूळ, कुठे देवळाची घंटा, तर ती वाटेत कुणाचा जीव न घेता, कुणाची भिंत न पाडता कशी पोचेल हे आधी कागदावर बसवायचं. कोणत्या दिवशी किती मैल, कुठे मोरी, कुठे झाडाची फांदी आडवी, कुठे पाणी, कुठे मुक्काम. या कागदाला मी ‘वाटचालीचा तक्ता’ म्हणत असे. नाव मीच दिलेलं. इतर सगळे त्याला ‘साहेबांचं भेंडोळं’ म्हणत.

त्या वर्षी वेल्ह्याच्या बाजूला एकाने भाताची गिरणी काढायची ठरवली. भुशावर चालणारा बॉयलर मोटारलॉरीतून पुण्याहून नसरापूरपर्यंत आला. तिथे लॉरीवाल्याने पुढचा रस्ता पाहिला, विडी पेटवली आणि म्हणाला, “हा रस्ता नाही, ही पायवाट लठ्ठ झालीये.” आणि तो बॉयलर उतरवून निघून गेला. सत्तर मणांचं, नऊ हात लांब, काळं धूड चिंचेखाली पडून राहिलं. शेळ्या त्याच्या सावलीत बसायला लागल्या. गिरणीमालकाने सांगितलं, “पाडव्याला सकाळी माझ्या दारात पाहिजे. पूजा तेव्हाच.”

पुढचं सगळं माझ्यावर आलं. म्हणजे माझ्यावर आणि आबांवर.

आबा म्हणजे गाडीवानांचे म्होरके. साठीच्या पुढचे, वाळलेल्या शेंगेसारखे, आणि जन्मात घाईने एकही पाऊल न टाकलेले. चार लोखंडी चाकांचा गाडा आणि बैलांच्या सहा जोड्या त्यांनी जमवल्या. त्यातली एक जोडी त्यांची स्वतःची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाडा रस्त्यावर असला की त्यांना डोळे मिटूनसुद्धा कळायचं कोणत्या चाकाखाली खडा आलाय.

निघण्याआधी पंधरा दिवस आम्ही दोघे रस्ता पाहायला गेलो. मी बॉयलरच्या रुंदीइतकी काठी तोडून घेतली होती. अरुंद जागी ती आडवी धरायची, बसली की तक्त्यात बरोबरची खूण करायची. सकाळभर माझ्या खुणा धडाधड पडत गेल्या. आबा मागून येत होते. पहिल्या मोठ्या वळणावर ते थांबले.

“साहेब, काठी वळली. आता ह्यो नऊ हाताचा बाप कसा वळंल, त्येबी बगायचं का?”

लांबी! लांबी मी मोजलीच नव्हती. सकाळपासूनच्या सगळ्या खुणा मी निमूटपणे खोडल्या. आबांनी बाजूच्या बेटातून नऊ हातांचा बांबू तोडून आणला, एक टोक माझ्या खांद्यावर दिलं, दुसरं स्वतःच्या, आणि आम्ही परत नसरापूरच्या वेशीपासून सुरुवात केली. वळण आलं की मी पुढे वळायचं, आबांनी मागे, आणि बांबू कुठे भिंतीला, कुठे झाडाला लागतो ते पाहायचं. युक्ती एक नंबर होती. फक्त दोन माणसं खांद्यावर मोकळा बांबू घेऊन, माना खाली घालून, सावकाश गावातून जात आहेत, हे पाहून लोकांचा जो समज व्हायचा तो होत होता. एका गावात दोघांनी आमच्यामागे चालायलाच सुरुवात केली. पाऊण मैल आले बिचारे.

वाटेतल्या मोऱ्यांचीही मी परीक्षा घेत होतो. वजन पेलेल की नाही हे पाहायला मोरीच्या मधोमध तीन उड्या मारायच्या, ही माझी पद्धत.

“तुमचं वजन किती आसंल, साहेब?” आबांनी विचारलं.

“दीड मण.”

“आन् बॉयलर सत्तर. म्हंजे आजून हिशेबानं बऱ्याच उड्या ऱ्हायल्या.”

त्यानंतर मी मोरीच्या खाली उतरून दगड ठोकून पाहायला लागलो. वहाणा तेव्हाच चावायला लागल्या होत्या.

गिरणीच्या अलीकडे दोन मैलांवर त्या चढाचा माथा. वर सपाटी, मग गिरणीपर्यंत निवांत रस्ता. चढ फार उभा नाही, पण लांबलचक, मुरमाड, मध्ये एक आंब्याचं झाड. आणि पायथ्याशी, बरोबर जिथे रस्ता वळून चढाला लागतो तिथे, वळणाच्या पोटात एक घर. वरून काही सुटलं तर सरळ त्या घराच्या चुलीत जाईल अशी जागा. तिथे आमच्या बांबूचं मागचं टोक छपराच्या गवतात घुसलं आणि मूठभर गवत घेऊनच बाहेर आलं. आतून एक म्हातारी कमरेवर हात ठेवून बाहेर आली. आधी बांबू पाहिला, मग आम्हाला.

“कोन गेलं रं?”

“कुणी नाही, मावशी,” मी म्हणालो. “बॉयलर येणार आहे.”

“त्येच्यासाठी आत्तापासून तिरडी?”

ही त्या गावची सुईण. नवरा कधीच गेलेला, मुलं नाहीत, एकटीच राहायची. पण आजूबाजूच्या तीन वाड्यांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे तिला कुणाला भ्यायचं कारण नव्हतं. मी तिला बॉयलर समजावून सांगितला. तिने चढाकडे पाहिलं, घराकडे पाहिलं.

“आन् त्ये डबडं मागं आलं तर?”

“येणार नाही. सगळं लिहून काढलंय. तुमच्या घराच्या काडीलाही धक्का लागणार नाही, हा माझा शब्द.”

“काडी तर तू आत्ताच नेलीस,” असं म्हणून तिने माझ्या बांबूच्या टोकाला अडकलेलं गवत काढून घेतलं.

परतताना बांबू तिच्याच भिंतीला टेकवून ठेवला आणि घरी जाऊन मी तक्ता पक्का केला. सगळ्यात वर, लाल शाईने पहिला नियम: चढावर मुक्काम करू नये. खाली दिवस मांडले. पाडवा बुधवारी. म्हणून उलटं मोजत आलो. मंगळवारी सपाटीवरचे दोन मैल, हलका दिवस. सोमवारी चढ. त्याआधी रोज अडीच मैल. हा तक्ता मी गिरणीमालकाला दाखवला, कंत्राटदाराला दाखवला, बायकोला दाखवला. आबांना दाखवला नाही. वाचता न येणाऱ्या माणसाला कागद काय दाखवायचा? त्यांना फक्त सांगितलं, “पाडव्याला दारात.” ते म्हणाले, “व्हय, म्हंजे बराबर बसतंय.” काय बरोबर बसतंय, हे मी विचारलं नाही. निघण्याच्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, “हजामत आजच करून घ्या. मंगळवारी आवस, बुधवारी पाडवा, मग राहून जाईल.” मी आज्ञाधारकपणे हजामत करून घेतली. वाचणाऱ्याच्या काही लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

पहिले दोन दिवस तक्त्याबरहुकूम गेले, म्हणजे वेळेवर आणि धुळीत. फांद्या आधीच तोडलेल्या होत्या, मोऱ्यांना आतून लाकडी टेकू दिले होते, वळणांवर बॉयलर बांबूच्या मापाने तंतोतंत वळत होता. मी पुढे झेंडी घेऊन चालत होतो आणि समोरून येणाऱ्या गाड्या बाजूला घेत होतो. पण सहा जोड्यांच्या गतीने दिवसभर चालणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. धड चालणंही नाही, धड थांबणंही नाही. दहा पावलं, थांबा, दगड लावा, दगड काढा, दहा पावलं. पाय उचलायची इच्छा होण्याआधीच परत ठेवायचा. संध्याकाळी मी वहाणा काढायचो तेव्हा त्या एकट्या निघत नसत.

सोमवारी सकाळी चढ सुरू झाला. दुपारपर्यंत आंब्याशी आलो, म्हणजे बरोबर अर्ध्यात. आणि तिथे जोखडाच्या साखळीचा आकडा तुटला. गाडा हातभर मागे आला, आबांनी चाकाखाली दगड सरकवला आणि तो थांबला. खाली, घराच्या ओट्यावर, सुईण उभी राहून पाहत होती.

लोहार मागच्या गावात, दीड मैलावर. आबांनी तुटका आकडा फडक्यात बांधला.

“म्या सोता बसून करून घेतो. तुमी हितं ऱ्हावा. बैल सोडू नगा, जुपल्यालंच ऱ्हाऊ द्या. आलो की दिस मावळायच्या आत वर काढू.”

ते गेले. उन्हं कलायला लागली. बैल उभ्या उभ्या धापा टाकत होते. गाडीवान चाकांच्या सावलीत बसलेले. मी आंब्याखाली वहाणा काढून पाय मोकळे सोडले होते आणि माझ्या आयुष्यात मला त्याहून जास्त काहीही नको होतं. तासाभराने एक गाडीवान आला.

“साहेब, जनावरं तापल्यात. सोडावं का?”

मी भेंडोळं उघडलं. उद्या मंगळवार, दोनच मैल, हलका दिवस. उरलेला अर्धा चढ उद्या सकाळी काढला तरी दुपारपर्यंत गिरणी! लाल शाईतला नियम मला दिसला, नाही असं नाही. पण मी स्वतःशी म्हणालो, नियम लिहिणाऱ्याला एखाद्या वेळी मोडायची मुभा असते. खरं कारण पायाखाली होतं. आबा आले की पुन्हा उभं राहावं लागलं असतं.

“सोडा,” मी म्हणालो. “चाकांना आणखी दगड लावा. बाकीचं उद्या.”

गाडीवानांनी एकमेकांकडे पाहिलं. मग जी चपळाई मी तीन दिवसांत पाहिली नव्हती ती पाहिली. जोखडं उतरली, बैल सुटले, आणि पाच जोड्या आपापल्या धन्यांबरोबर पायवाटांनी दिसेनाशा झाल्या. सगळे जवळपासच्या गावांचेच. “येतो, साहेब,” म्हणाले. कधी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फक्त आबांची जोडी आंब्याच्या बुंध्याला रवंथ करत राहिली.

दिवस मावळताना आबा आले. हातात नवा आकडा, अजून कोमट. त्यांनी मोकळी जोखडं पाहिली.

“बैल कुनी सोडलं?”

“मी. दमले होते. उद्या सकाळी...”

“उद्या आवस.”

“असेना. आपल्याला दोनच...” मी म्हणालो.

अमावास्येला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. औत नाही, गाडी नाही, काही नाही. हे आमच्या मुलखात शेंबड्या पोराला माहीत आहे. आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावास्या असते हे तर त्याच्याही धाकट्या भावाला माहीत आहे. जगात एकाच माणसाने पाडवा धरून उलटं मोजलं आणि आदल्या दिवसाच्या रकान्यात ‘दोन मैल, हलका दिवस’ असं लिहिलं. ज्याच्या घरात खुंटीला पंचांग असतं आणि जो तिथी पाहून हजामत करतो, त्या माणसाने!

“पण आबा, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

आबांना खरोखर प्रश्न कळला नव्हता. “तुमी तिथी सांगायची, आमी ऐकायची. तुमाला आमी सांगावी व्हय? मला वाटलं, तुमी समदं धरूनच केलंय. आज चौदस, आज वर. उद्याची आवस सपाटीवर बसून काडायची. पाडव्याला पहाटं बैलं रंगवून वाजत गाजत दोन मैल. किती झ्याक बसत हुतं!”

खरंच झ्याक बसत होतं. त्यांचाही तक्ता होता. माझ्यापेक्षा चांगला होता आणि कागदावर नव्हता, एवढंच.

सकाळी उठून पाहिलं तर मागच्या डाव्या चाकाखालचा दगड मुरमात रुतला होता आणि चाक चार बोटं मागे आलं होतं. मी चाकाच्या कडेला मुरमात कोळशाने रेघ मारली. आबा म्हणाले, “रेगंला काय, ती बिचारी थांबवत न्हाई.” थोड्या वेळाने पाहिलं तर रेघ चाकाखाली गेली होती. नवे दगड लावले. तेही बसायला लागले. मुरूम भुसभुशीत, रात्रीतून वजनाने खाली गेलेला, आणि चढाच्या खाली सरळ रेषेत ते गवताचं छप्पर. माझी झोप, थकवा, पाय, सगळं एका क्षणात कुठल्या कुठे गेलं. म्हणजे परत येण्यासाठी गेलं.

मी खाली पळत गेलो.

“मावशी, आजच्या दिवस जरा शेजारी जाऊन बसा. गाडा थोडा... सरकतोय.”

ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. “तुजा शबुद?”

“शब्द आहे, पण...”

“मंग तू जा शेजारी. म्या हितंच. शबुद तू दिलास, घर कशाला हलंल? डबडं हलव.”

मी हात जोडले. तिने सूप आपटलं. मी परत वर पळालो. आबांची जोडी आंब्याखाली शांत उभी होती. दोन बैल! सहा जोड्यांचं काम दोघांनी झालं नसतं, हे मलाही कळत होतं, पण धरून तर ठेवता आलं असतं.

“आबा, फक्त तुमची जोडी. फक्त ताण द्यायला. देवाला सगळं कळतं.”

“देवाला कळतं, बैलालाबी कळतं. महिन्याला एक दिस त्येचा. माज्या बापानं न्हाई जू ठेवलं, म्या न्हाई ठेवायचा.”

“आणि ते घर गेलं तर?”

“घर जाऊ द्यायचं कुनी म्हटलं?” आबांनी मुंडासं सोडून परत घट्ट बांधलं. “आवस बैलांची हाय, साहेब. आपली न्हाई.”

मला अर्थ कळायच्या आत खालून हाक आली. सुईण माझ्यामागोमाग थोडा चढ चढून आली होती. ती परत फिरली, खालच्या वाडीकडे तोंड केलं, आणि तोंडाशी हात धरून जो आवाज काढला तो मी आजवर विसरलेलो नाही.

“आरं ए पायाळू! ये हिकडं! तुज्या भावालाबी आन, नाळ गळ्यात घिऊन आल्याला! आन् त्यो दोन दिस आडून बसल्याला कुठं हाय? त्येला म्हनावं, आज तरी येळंवर ये!”

अमावास्या म्हणून कुणाचं औत बाहेर नव्हतं. सगळी वाडी घरीच होती. ज्या दिवसाने माझे बैल नेले त्यानेच ही माणसं मोकळी ठेवली होती. पायाळू आला, हा सहा फुटी पैलवान गडी. त्याचा भाऊ आला. दोन दिवस आडून बसलेला मिशीवाला गृहस्थ सगळ्यांत आधी पोचला, बहुधा आयुष्यभराची भरपाई म्हणून. ज्याला ज्याला ती हाक मारी, त्याच्या जन्माची हकिगत सगळ्यांना फुकट ऐकायला मिळे, आणि म्हणून प्रत्येक जण पुढची हाक लागायच्या आत पळत येई. बघता बघता चाळीसेक माणसं जमली. एरवी त्या गावात दोन भाऊबंदांना एका बांधावर उभं करायला मामलेदार लागायचा.

आबांनी साखळीला नवा आकडा घातला आणि माणसं मांडली. सहा जोखडं, प्रत्येकाला दोघे-तिघे, बाकीचे दोन्ही बाजूंच्या दोरांना. मागे चौघे दगड घेऊन, पाऊल पुढे पडलं की चाकामागे दगड सरकवायला. त्यातली सगळ्यात वाईट जागा डाव्या मागच्या चाकाशी, जिथे चाक सुटलं तर माणूस सुटणार नाही, तिथे आबा स्वतः बसले.

“साहेब, तुमी?”

मी झेंडी दाखवली.

“ती ठिवा. हितं या, धुरंला.”

धुरेला म्हणजे गाड्याच्या अगदी जवळ, जिथे सगळा भार येतो ती जागा. मी वहाणा काढल्या आणि अनवाणी जोखडाखाली मान दिली. बाजूला पायाळू. त्याच्या खांद्याच्या उंचीला माझं डोकं लागत होतं, त्यामुळे जोखड माझ्या बाजूने मानेवर नव्हे, कानावर बसलं.

“हां... चल राजा!” आबांनी बैलांना घालतात तशीच साद घातली आणि जिभेने टकटक केलं. चाळीस माणसं एकदम वाकली. मुरूम पायाखाली करकरला. काही झालं नाही. मग काहीतरी झालं. चाक वीतभर पुढे गेलं. दगड. दम. परत.

असं किती वेळ चाललं ते सांगता येणार नाही. दहा पावलांवर मी ‘देवा’ म्हणणं सोडलं, वीस पावलांवर ‘आई गं’. त्यापुढे बोलायला वाफच नव्हती.

“धुरंचा डावा बैल ढिला पडलाय!” मागून कुणीतरी ओरडलं.

“गाभन आसंल!” दुसरा म्हणाला.

“त्येला चारा घाला!”

“पयलं भेंडोळं काडून घ्या त्येच्या खिशातनं, त्येचंच वजन झालंय!”

हसण्याने दोर ढिले पडले, आणि तेवढ्यात गाडा मागे आला. एक हात. फक्त एक हात, पण पाठीमागच्या त्या लोखंडाचा मागे ओढणारा जोर मला मणक्यात कळला. माझे पाय मुरमावरून सरपटत मागे गेले, तळपायाचं कातडं तिथेच राहिलं. पायाळूने जोखड छातीवर घेतलं. मागे दगडाचा कडकन आवाज झाला. मी मान वळवून पाहिलं तर आबा चाकाशी आडवे झालेले, दोन्ही हातांनी दगड दाबून धरलेला, आणि चाक त्यांच्या बोटांपासून दोन इंचांवर थांबलेलं. कुणी हसत नव्हतं आता. खाली, आपल्या घराच्या दारात, सुईण येऊन उभी होती. ती आत गेली नाही, बाजूला झाली नाही.

“हां... चल राजा,” आबा म्हणाले. आवाज तोच. जरासुद्धा वर नाही.

त्यानंतर वरपर्यंत कुणी विनोद केला नाही. सपाटी आली तेव्हा ती आली आहे हे मला पायांनी कळलं. जोर लावला आणि समोरून जोरच आला नाही, मी तोंडावर पडलो. आबांनी चारी चाकांना पुढून-मागून दगड लावून घेतले, एकेका दगडावर उभं राहून पाहिलं, आणि मग माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या दोन बोटांची नखं काळी पडली होती.

“कसा हुता डावा बैल?” मी विचारलं.

“मारका न्हाई,” ते विचार करून म्हणाले. “पर इकत घेनार न्हाई म्या.”

पाडव्याच्या पहाटे पाच जोड्या हजर झाल्या, शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून. रस्ता सपाट होता. मुहूर्ताआधी गाडा गिरणीच्या दारात पोचला. पूजेत मालकाने मला पुढे बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, “याला म्हणतात आखणी! दिलेल्या दिवशी, दिलेल्या वेळी!” आबा मागे उभे होते. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि दुसरीकडे पाहिलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण मला उभं राहवत नव्हतं, आणि खरं सांगायला बराच वेळ उभं राहावं लागलं असतं.

परतताना मी एकटाच होतो, हातात वहाणा, पायाला फडकी. चढ उतरायलाही तेवढाच वेळ लागला. पायथ्याशी ते छप्पर जसंच्या तसं होतं. पण त्याच्यापेक्षा कितीतरी उंच, शेजारच्या सगळ्या छपरांच्या वर, एक गुढी उभी होती. साधं लुगडं, कडुलिंबाचा डहाळा, वर पालथा तांब्या. गावात एवढी उंच गुढी दुसरी नव्हती. नऊ हात बरोबर. मी मोजलेला बांबू मी ओळखणार नाही?

“मावशी, तो बांबू आमचा आहे. मापाचा.”

“आता देवाचा झाला,” ती आतून म्हणाली. “आडवा हुता तवा कसला दिसत हुता, आठवतंय न्हवं? ये, गूळ-कडुनिंब खा.”

तिने हातावर ठेवलेली गोळी मी खाल्ली. कडूच जास्त होती. पाय पुढे टाकवेना, म्हणून मी भिंतीला पाठ लावून ओट्यावर टेकलो.

“हितं नगं टेकू,” ती म्हणाली.

“का हो?”

तिने चढाकडे बोट केलं. “तुज्या मागनं आजून काय येतंय, काय ठावं!”

रस्त्यावर काही नव्हतं. तरीही मी उठलो, चांगली दोन पावलं चढ चढून गेलो आणि वर नजर टाकून खात्री करून घेतली. मग येऊन परत टेकलो. यावेळी तिने पाणी आणून ठेवलं.